दोन थरांमधील काळ

महाराष्ट्राचा इतिहास लिहावयास बसलेला ग्रंथकार बहुधा सातवाहनांच्या अंमलापासून आरंभ करतो, आणि फारच मागे जावयाचे झाले तर प्रवरेकाठच्या जोर्वे किंवा घोडनदीकाठच्या इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतींपाशी जाऊन थांबतो. परंतु ज्या पाषाणात नाणेघाटाचा लेख कोरला गेला, ज्यातून कार्ले, अजिंठा आणि वेरूळ यांची लेणी निघाली आणि ज्याच्या कड्यांच्या भरवशावर शिवकालीन किल्ले उभे राहिले, तो पाषाण कोठून आला, केव्हा आला आणि येताना त्याने आपल्याखाली काय गाडले, हा प्रश्न इतिहासाच्या हद्दीबाहेरचा समजून भूशास्त्रज्ञांच्या दफ्तरी सोपविला जातो. वास्तविक ही कथा कोणत्याही राजवटीच्या कथेइतकीच क्रमबद्ध आहे. तिला कारणे आहेत, घटना आहेत आणि आजच्या शेताबांधापर्यंत पोहोचलेले परिणाम आहेत. ज्यांनी ती थोडीबहुत ऐकलेली असते त्यांच्यापैकी पुष्कळांची समजूत अशी असते की, एखाद्या प्रचंड ज्वालामुखीने एकदा तोंड उघडले, सारा मुलूख आगीखाली गेला आणि दख्खनचे पठार तयार झाले. ही समजूत अपुरी आहे असे माझे मत आहे. दख्खन जितके अग्नीने घडविले तितकेच, अग्नी शांत असताना मध्ये जो काळ लोटला त्या काळाने घडविले. आणि त्या विरामांचा हिशेब न मांडता सांगितलेली ही कथा अर्धीच राहते.

पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे आणि दख्खनचा काळा पाषाण त्या मानाने अगदी अलीकडचा. त्याच्याहून पुरातन असे पट्टिताश्म आणि ग्रॅनाइट भंडारा-गोंदियाकडे, सिंधुदुर्गाच्या काही भागात आणि गोव्यात उघडे दिसतात. त्यांतील कित्येक २५० कोटी वर्षांहून जुने आहेत. त्यानंतरच्या दीर्घ कालखंडातील एकच प्रसंग येथे सांगतो, कारण पुढील कथेची पार्श्वभूमी त्यात आहे. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी भारत, आफ्रिका, मादागास्कर, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका हे सारे एकाच विशाल भूखंडाचे भाग होते, आणि आपली भूमी दक्षिण ध्रुवाच्या इतकी समीप होती की चंद्रपूरजवळ इरई येथे हिमनदीने आपल्या तळाशी वाहून नेलेल्या धोंड्यांनी घासलेले आणि ओरखडलेले चुनखडकाचे पृष्ठ सापडले आहे. हिम ओसरल्यावर त्या सखल, दलदलीच्या प्रदेशात ग्लॉसोप्टेरिस नामक वनस्पतीची अरण्ये माजली, आणि त्यांचाच कोळसा आज बल्लारपूर आणि वणी येथील खाणींतून निघतो. ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञ एडुआर्ट झ्यूस याने या भूखंडाला गोंडवनभूमी हे नाव दिले, ते नर्मदा-गोदावरीच्या दरम्यानच्या गोंडांच्या मुलुखावरूनच.

सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी या भूखंडाची वाटणी सुरू झाली. प्रथम आफ्रिका अलग झाली. सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया यांचा संबंध तुटला. मादागास्कर मात्र आणखी काही कोटी वर्षे भारताला बिलगून राहिले आणि सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी तेही सुटले. उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांवरील षट्कोनी स्तंभांचे खडक त्या शेवटच्या विभक्तीच्या वेळच्या ज्वालामुखीचे आहेत. यानंतर भारत एकाकी, चारही बाजूंनी समुद्राने वेढलेला, उत्तरेकडे सरकू लागला. त्याचा वेग वर्षाला १५ सेंटीमीटरच्या आसपास पोहोचला होता, आणि भूखंडांच्या गतीच्या मानाने हा वेग असाधारण आहे. या प्रवासात तो एका अशा स्थानावरून गेला की जेथे भूकवचाच्या खालून, प्रावरणाच्या खोल भागातून, अतितप्त द्रव्याचा ऊर्ध्वगामी प्रवाह वर येत होता. तो प्रवाह अद्याप जिवंत आहे. हिंदी महासागरातील रेयुनियाँ बेटावरचा ज्वालामुखी त्याचेच आजचे मुख आहे, आणि लक्षद्वीप, मालदीव, छागोस आणि मॉरिशस अशी जी समुद्रतळावरील पर्वतांची ओळ दख्खनपासून त्या बेटापर्यंत जाते, ती या प्रवाहावरून भूकवच कसकसे सरकत गेले याची नोंदच होय.

या प्रवाहावर भारत आल्यानंतर येथे जो उद्रेक झाला त्याच्या पूर्वसंध्येला आपल्या प्रदेशात काय नांदत होते, हे जाणण्यास नर्मदेच्या खोऱ्यापासून वर्ध्याच्या खोऱ्यापर्यंत जागोजाग आढळणारे लॅमेटा नावाचे चुनखडीयुक्त गाळाचे थर उपयोगी पडतात. ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्धी पावलेल्या स्लीमन या इंग्रज अंमलदाराला १८२८ मध्ये जबलपूर छावणीजवळ काही प्रचंड अस्थी सापडल्या. त्यांवरून पुढे १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकर याने टायटॅनोसॉरस इंडिकस या महाकाय शाकाहारी सरीसृपाचे नामकरण केले. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा येथे अशाच प्राण्यांची हाडे आणि दगड बनलेली विष्ठासुद्धा मिळते; गुजरातेत बालासिनोरजवळ त्यांच्या अंड्यांची घरटी सापडली आहेत, आणि तेथीलच हाडांवरून वर्णिलेल्या एका मांसाहारी डायनोसॉरला २००३ मध्ये राजासॉरस हे नाव मिळाले. म्हणजे शिलारस आला तो ओसाड भूमीवर आला नाही. नद्या, तळी, वनस्पती आणि पिढ्यान्‌पिढ्या एकाच ठिकाणी अंडी घालणारे प्राणी ज्या भूमीवर होते तिच्यावर तो आला.

उद्रेकाचा मुख्य काळ ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आगेमागे. ज्वालामुखी म्हटल्यावर शंकूच्या आकाराचा आणि माथ्यावर मुख असलेला पर्वत डोळ्यांपुढे येतो. परंतु येथे बहुतांश शिलारस भूमीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून वर आला, आणि त्या भेगांत शेवटी थिजून राहिलेल्या खडकाच्या भिंती आज नंदुरबार-धुळ्याकडे तापीच्या खोऱ्यात शेकड्यांनी दिसतात, भोवतालचा पाषाण झिजून गेल्याने शेतांतून तटबंदीसारख्या उभ्या. मनुष्याने अशा प्रकारचा एक उद्रेक पाहिला आहे. १७८३ मध्ये आइसलँडमधील लाकी येथे सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग पडून आठ महिन्यांत सुमारे १५ घन किलोमीटर शिलारस वाहिला आणि सुमारे १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड वायू हवेत गेला. त्याच्या धुक्याने युरोप झाकोळला, गवत विषारी होऊन गुरे मेली आणि पाठोपाठच्या दुष्काळात आइसलँडची सुमारे एक-पंचमांश प्रजा मृत्यू पावली. दख्खनमधील एकेका मोठ्या प्रवाहाचे घनफळ हजार घन किलोमीटर आणि त्याहूनही अधिक होते. एकंदर शिलारसाचा अजमास दहा लाख घन किलोमीटरांच्या घरात जातो. झीज होऊनही आज तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूमी व्यापून आहे. सह्याद्रीच्या बाजूने निघालेले काही प्रवाह तर सुमारे एक हजार किलोमीटर वाहून आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळील राजमहेंद्रीपर्यंत पोहोचले. पृथ्वीवर ज्ञात असलेल्या शिलारसप्रवाहांत इतके लांब दुसरे बहुधा नाहीत.

हा रस इतका दूर कसा गेला, याचे कारण मोठे मनोज्ञ आहे. उघड्यावर वाहणारा रस लवकर निवतो. परंतु पृष्ठभागावर साय धरली की ती आतल्या रसाला उष्ण राखते, मागून येणारा रस त्या कवचाखाली शिरतो, आणि तव्यावरून विस्तवावर टाकलेली भाकरी फुगावी तसा तो थर जागच्या जागी फुगत आणि पुढे सरकत जातो. यास्तव एखादा प्रवाह पुरता पसरण्यास महिने, कदाचित वर्षेही लागली असावीत. लोणावळ्याच्या किंवा माळशेजच्या घाटात दरडी निरखून पाहिल्या तर एकेका थराच्या तळाशी घट्ट काळा पाषाण आणि माथ्याशी वायूंच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला भाग हा क्रम वारंवार आढळतो, आणि त्यावरून एक प्रवाह कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला याचा तपशील लावता येतो.

असे थर एकावर एक रचत गेले. त्यांच्या रासायनिक घटनेवरून भूशास्त्रज्ञांनी त्यांचे गट पाडले आणि त्या गटांना आपल्याच गावांची आणि घाटांची नावे दिली: तळाशी जव्हार आणि इगतपुरी, मग नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, त्यांवर खंडाळा आणि बुशी, आणि सर्वांवर पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा आणि बेळगावजवळचे देसूर. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरास जाणारा प्रवासी एका प्रहरात यांपैकी तीन कालखंड चढून जातो, आणि जगभरच्या शास्त्रज्ञांच्या निबंधांत ही नावे आज जशीच्या तशी येतात, याचा मला मनापासून आनंद वाटतो. हे गट दक्षिणेकडे किंचित उतरते आहेत. नाशिककडे जुने थर आणि कोल्हापूर-बेळगावकडे नवे, असा सर्वसाधारण क्रम आहे, आणि भारत उत्तरेकडे सरकत असता उद्रेकाचे केंद्र दक्षिणेकडे जात राहिले, या गोष्टीशी तो सुसंगत आहे.

आता विरामांविषयी. नागपूरच्या सीताबर्डीची टेकडी मराठी वाचकाला १८१७ च्या लढाईमुळे ठाऊक आहे. परंतु तिचे दुसरे महत्त्व १८४५ च्या सुमारास नागपुरी आलेल्या स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने जगाला दाखवून दिले. टेकडीच्या काळ्या पाषाणाच्या दोन थरांच्या मध्ये त्याला गोड्या पाण्यातील गाळाचा एक पातळ स्तर आढळला. हिस्लॉप आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर यांनी सीताबर्डी, टाकळी आणि आसपासच्या खेड्यांत हिंडून अशा स्तरांतील शंख, फळे, बिया, कीटकांचे अवशेष आणि मासळीचे तुकडे जमविले आणि त्यांचे वर्णन १८५५ मध्ये लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात हिस्लॉप बुडून मरण पावला. त्याने दाखविलेल्या पुराव्याचा अर्थ साधा आणि अत्यंत महत्त्वाचा होता: खालचा शिलारस थंड झाला, त्याच्यावर पावसाचे पाणी साचले, तळे झाले, तळ्यात शंख वाढले, काठावर झाडे उगवली, त्यांना फळे आली, आणि हे सारे स्थिरस्थावर झाल्यावर वरचा शिलारस आला.

पुढे बिरबल सहानी यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलाँ येथील दगड कापून आणि घासून त्यांतील वनस्पतींची अंतर्रचना सूक्ष्मदर्शकाखाली उलगडली. तेथे ताडवर्गीय वृक्ष सापडले, पाणवनस्पतींची फळे सापडली, आणि विशेष म्हणजे नीपा या, खाडीच्या मचूळ पाण्यात वाढणाऱ्या ताडाचे फळही सापडले. म्हणजे आज समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या त्या भागापर्यंत तेव्हा समुद्राचा हात पोहोचलेला असावा. मुंबईतही अशी एक जागा होती. वरळीच्या टेकडीत, उद्रेकाच्या अखेरीस दोन थरांमध्ये साठलेल्या गाळात, लहान बेडकांचे सांगाडे विपुल मिळाले, आणि १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन याने त्यांचे वर्णन केले. टेकडीभोवतीच्या त्या स्तरांवर आता इमारती उभ्या आहेत. अशा स्थळांपैकी जी अद्याप उघडी आहेत, त्यांची नोंद आणि राखण करण्यात आपण फार उणे पडलो आहो, आणि हे मला खेदाने नमूद केल्यावाचून राहवत नाही.

जेथे तळी झाली नाहीत तेथेही विरामाची खूण राहिली. घाटांतील दरडींत काळ्या पाषाणाच्या दोन पट्ट्यांमध्ये विटकरी-तांबड्या मातीची एक रेघ दिसते. ती म्हणजे त्या काळातील उघडी जमीन, ऊन-पावसाने कुजून माती झालेला जुन्या थराचा माथा, वरून आलेल्या रसाने भाजून निघालेला. किती काळ लोटला म्हणजे इतकी माती होते, याचे उत्तर स्थलपरत्वे भिन्न येते. पण सहस्रावधी वर्षांहून कमी नव्हे. आजच्या सूक्ष्म कालमापनानुसार मुख्य उद्रेक दहा लाख वर्षांहूनही थोड्या अवधीत आटोपला; त्या अवधीतील प्रत्यक्ष वाहण्याचे दिवस मोजले तर ते अल्प भरतील, आणि उरलेला बहुतेक काळ या तांबड्या रेघांच्या आणि पातळ गाळांच्या वाट्याला जाईल.

डायनोसॉरांच्या विनाशाचा प्रश्न येथेच येतो. १९८० मध्ये लुई अल्वारेझ, त्यांचे चिरंजीव वॉल्टर आणि त्यांचे सहकारी यांनी त्या काळच्या गाळातील इरिडियमच्या आधारे अशनिपाताचा सिद्धांत मांडला, आणि १९९१ मध्ये मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पाखाली सुमारे १८० किलोमीटर व्यासाच्या विवराची ओळख पटली. दुसऱ्या बाजूस दख्खनच्या उद्रेकाला जबाबदार धरणारा पक्षही तितकाच आग्रही राहिला. निर्विवाद आहे ते एवढे की, अशनी आदळला तेव्हा दख्खनमध्ये शिलारस वाहण्याचा काळ चालू होता. तो आदळण्यापूर्वी उद्रेक सुरू झालेला होता आणि नंतरही चालू राहिला. त्या आधीच्या काही लक्ष वर्षांत समुद्राचे पाणी काही अंश तापल्याचे पुरावे आहेत. परंतु दख्खनमधील विरामांची साक्ष माझ्या मते निर्णायक महत्त्वाची आहे: खालच्या काही थरांमधील गाळांतसुद्धा डायनोसॉरांच्या अंड्यांची आणि हाडांची चिन्हे मिळतात, अर्थात शिलारसाचे पहिले लोट येऊन गेल्यावरही ते प्राणी परत येत राहिले, वीण करीत राहिले. उद्रेकाने सृष्टीला दुर्बल केले असेल. एकट्याने तिचा घात केला असे म्हणणे मला कठीण वाटते. भूशास्त्रज्ञ विलियम ब्लॅनफर्डने या पाषाणाला खटीयुगातला, म्हणजे डायनोसॉरांच्या अखेरच्या युगातला, ठरविले होते आणि सहानींनी वनस्पतींच्या आधाराने त्याला पुढच्या युगात ओढले होते. आज दिसते ते असे की, उद्रेक दोन्ही युगांच्या सरहद्दीवर पाय देऊन उभा होता आणि दोघांच्याही म्हणण्यात सत्याचा अंश होता.

उद्रेक मंदावत असतानाच पश्चिमेस आणखी एक विभक्ती घडली. सुमारे ६ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी सेशेल्सचा खंड भारताच्या पश्चिम किनाऱ्यापासून तुटून अरबी समुद्र रुंदावू लागला. मुंबई आणि साष्टीतील खडक याच उत्तरकाळचे. पनवेलच्या परिसरात एरव्ही आडवे असलेले थर समुद्राकडे वाकलेले दिसतात, ते या ताणाचेच फळ. भारत पुढे उत्तरेकडे जाऊन सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला. या प्रवासाचा एक निःसंदिग्ध दाखला दख्खनच्याच दगडांनी दिला. १९५० नंतरच्या दशकात पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या लंडनमधील गटाने या पाषाणात थिजून राहिलेल्या चुंबकत्वाची दिशा मोजली, तेव्हा तो जेथे निवला ती जागा विषुववृत्ताच्या बरीच दक्षिणेस, सुमारे ३० अंशांवर होती असे निष्पन्न झाले. भूखंड सरकतात, हे आल्फ्रेड वेगेनरचे १९१२ मधील म्हणणे तोवर बहुतेक विद्वानांनी अमान्य केले होते; त्यांना पुनर्विचारास भाग पाडणाऱ्या पुराव्यांत आपल्या घाटांतील दगड होते, ही गोष्ट शालेय पुस्तकांत यावी अशी आहे.

किनारा तुटल्यावर पठाराची पश्चिम कड पावसाच्या माऱ्याखाली आली आणि मागे मागे हटत गेली, तीच सह्याद्री. म्हणून सह्याद्री हा कोकणातून पाहणाऱ्यास दुर्गम पर्वत आणि देशावरून जाणाऱ्यास केवळ पठाराचा काठ वाटतो, आणि म्हणूनच कृष्णा अरबी समुद्रापासून सुमारे ६४ किलोमीटरवर उगम पावूनही पूर्वेकडे वळते. महाबळेश्वर-पाचगणीच्या सपाट माथ्यांवर दीर्घकाळाच्या उष्ण पर्जन्यमय हवेने पाषाणाचा जांभा केला. पूर्वेच्या कोरड्या भागात त्याच पाषाणाची काळी, ओल धरणारी कापसाची जमीन झाली. थरांच्या सच्छिद्र माथ्यांत भूजलाने आणून भरलेली झिओलाइटची स्फटिके जळगाव, नाशिक आणि पुण्याच्या खाणींतून जगातील वस्तुसंग्रहालयांत गेली आहेत. लेणी खोदणाऱ्यांनी घट्ट, सलग, जाड थर निवडले, आणि कित्येक ठिकाणी पाण्याच्या पोढी त्यांनी ज्या पातळीवर खोदल्या ती पाहता थरांचे सांधे त्यांना चांगले अवगत होते असे दिसते.

या साऱ्या रचनेखाली काय आहे, हे दोन भूकंपांनंतर झालेल्या वेधनांतून कळले. ११ डिसेंबर १९६७ रोजी हादरलेल्या कोयनेच्या परिसरात अलीकडे खोल छिद्रे घेतली, तेव्हा सुमारे एक किलोमीटर जाडीचे थर संपताच मध्ये गाळाचा मागमूस न लागता एकदम पुरातन ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म लागले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी उद्ध्वस्त झालेल्या किल्लारी येथे मात्र थरांची जाडी सुमारे ३४० मीटरच भरली, आणि तिच्याखाली थोडासा गाळ होता. पहिला प्रवाह आला तेव्हा एके ठिकाणी उघडा कातळ आणि दुसरे ठिकाणी पाणथळ जागा, अशी ती जुनी भूमी होती.

महाराष्ट्राच्या सुमारे चार-पंचमांश भूमीचे पाणी आजही या थरांच्या रचनेवर अवलंबून आहे. प्रवाहाच्या पोटातील घट्ट काळा पाषाण पाणी धरीत नाही आणि देतही नाही. पाणी असते ते वरच्या मुरुमात, भेगांत आणि सच्छिद्र माथ्यात, ज्याला विहिरी खणणारे मांजऱ्या म्हणतात, आणि जेथे एक प्रवाह संपून दुसरा येईपर्यंत हवा-पाण्याचा अंमल चालला होता त्या सांध्यांत. एकाच शिवारात एका विहिरीला बारमाही पाणी असते आणि दोन बांध ओलांडून खणलेली दुसरी कोरडी जाते, याची कैफियत बहुधा इतकीच की पहिली अशा सांध्याला लागली आणि दुसरी पाषाणाच्या पोटातच थांबली. १९७२ च्या दुष्काळापासून विंधनविहिरी अधिकाधिक खोल जाऊ लागल्या; परंतु घट्ट थर ओलांडून त्या ज्या खालच्या सांध्यात पोहोचतात तो जेमतेम काही मीटर जाडीचा असतो, त्यात वरून झिरपणारे पाणी फार सावकाश येते, आणि तो एकदा उपसून रिता झाला की त्याच्याखाली पुन्हा काळा पाषाणच असतो.